जुनी कागदपत्रे, संगणक आणि एक अनुस्वार

होळकर, शिंदे, गायकवाड यांच्या काळात इंदूर, ग्वाल्हेर, बडोद्यास येऊन स्थिरावलेल्या आपल्या अनेक घराण्यांत जुन्या कागदांचे एखादे बासन अजून जपलेले असते. त्यात मोडी पत्रे असतात, इनामाचे कागद असतात, वंशावळ असते, पणजीचा एखादा फोटो असतो. नवी पिढी हे सारे स्कॅन करून ठेवू लागली आहे, ही आनंदाची गोष्ट आहे. संगणक चित्र कसे ‘पाहतो’ हे थोडे समजून घेतले, तर हे काम अधिक नीट होईल.

संगणकाला डोळे नाहीत, त्याला फक्त आकडे कळतात. चित्रावर आलेखाच्या वहीसारख्या बारीक चौकटी आखल्या आहेत असे समजू. अशा एका चौकटीला पिक्सेल म्हणतात. कृष्णधवल चित्रात प्रत्येक पिक्सेलला साधारणपणे ० ते २५५ मधला एक आकडा मिळतो. ० म्हणजे काळा, २५५ म्हणजे पांढरा. रंगीत चित्रात लाल, हिरवा आणि निळा असे तीन आकडे असतात. १९५७ साली अमेरिकेत रसेल कर्श यांनी आपल्या तान्ह्या मुलाचा फोटो स्कॅन करून संगणकात घेतला, तेव्हा त्यात १७६ गुणिले १७६ एवढेच पिक्सेल होते.

चौकटी किती बारीक, यावर पुढचे सारे अवलंबून असते. ६ बाय ४ इंचांचा फोटो ३०० डीपीआयवर स्कॅन केला तर २१,६०,००० पिक्सेल मिळतात, ६०० वर त्याच्या चौपट. आता बोरूने दिलेला पाव मिलिमीटरचा एक अनुस्वार घेऊ. १०० डीपीआयवर त्याच्या वाट्याला जेमतेम एक पिक्सेल येतो. ३०० वर आडवे तीन आणि उभे तीन येतात.

हा फरक महत्त्वाचा का, ते कागद ‘साफ’ करताना कळते. डाग काढण्याची एक जुनी रीत अशी : प्रत्येक पिक्सेल आणि त्याचे आठ शेजारी असे नऊ आकडे चढत्या क्रमाने लावायचे आणि मधला आकडा तिथे ठेवायचा. पांढऱ्या कागदावरचा एकटा काळा ठिपका या रीतीने नाहीसा होतो. पण तो ठिपका डाग होता की अनुस्वार, हे यंत्राला ठाऊक नसते. एका पिक्सेलचा अनुस्वार पुसला जातो आणि ‘वंश’चा ‘वश’ होतो! तीन-तीन पिक्सेलांचा असेल तर फक्त त्याचे कोपरे झिजतात, अनुस्वार टिकतो.

दुसरी पायरी म्हणजे कागद आणि शाई वेगळे करणे. अमुक आकड्याच्या खाली शाई, वर कागद, अशी सीमा ठरवावी लागते. ती चित्रातल्या आकड्यांवरूनच काढण्याची रीत जपानचे ओत्सू यांनी १९७९ साली मांडली. मात्र कागदाचा एक कोपरा ओल लागून काळवंडला असेल, तर एकच सीमा त्या कोपऱ्यातली अक्षरे गिळून टाकते. अशा वेळी कागदाच्या प्रत्येक भागासाठी निराळी सीमा ठरवतात.

मग येते वाचन. छापील देवनागरीत आडव्या ओळीने शाई मोजली की शिरोरेषा बहुधा लगेच सापडते, कारण तिथे शाई सर्वांत जास्त असते. मोकळ्या जागांवरून शब्द सुटे करता येतात. मोडीत मात्र आधी कागदभर रेघ ओढून तिच्याखाली शब्द न तोडता लिहीत जाण्याची पद्धत होती. इथे ही सोपी युक्ती चालत नाही. आजची यंत्रे उदाहरणांवरून शिकतात : एका बाजूला ओळीचे चित्र, दुसऱ्या बाजूला तिचे वाचन. ते वाचन करून देणारा माणूसच असावा लागतो. २०१४ साली मोडीला युनिकोडमध्ये स्थान मिळाले, तरी अक्षर ओळखणारे डोळे त्यातून मिळत नाहीत.

जुन्या फोटोंना रंग भरणारी, चेहरे ठळक करणारी साधने हल्ली घरोघरी वापरली जातात. हरवलेला तपशील ती परत आणत नाहीत. इतर हजारो चेहऱ्यांवरून अंदाज बांधून तो भरतात. फोटो सुंदर दिसतो, पण ते नाक पणजीचेच असेल असे नाही. अशी प्रत वेगळी ठेवावी आणि तिच्यावर तशी नोंद करावी.

तेव्हा सभासदांना आमची विनंती अशी :

• कागद रंगीतच आणि किमान ३०० डीपीआयवर स्कॅन करावेत, लहान फोटो ६०० वर. मागची बाजूही घ्यावी.
• मूळ स्कॅन टिफ किंवा पीएनजी स्वरूपात ठेवावा. जेपेग बदल करून पुन्हा पुन्हा जतन केले की दर वेळी थोडे खराब होते.
• मूळ स्कॅनला हात लावू नये. साफसफाई नेहमी प्रतीवर करावी.
• घरात कुणी मोडी वाचणारे असतील, तर त्यांच्याकडून पत्रे ओळीगणिक वाचून घेऊन देवनागरीत उतरवून ठेवावीत.

यातले शेवटचे काम सर्वांत आधी करावे. स्कॅन पुढच्या वर्षीही करता येईल, पण वाचणारी मंडळी आता मोजकीच उरली आहेत.