अग्नीचा सखा कोण?

अमरकोशांत अग्नीच्या नांवांमध्यें ‘वायुसख’ असें एक नांव आलें आहे. वारा घातला कीं चूल पेटते, हें पाहूनच तें पडलें असावें. शाळेंत असतां आम्ही हा शब्द मुलांस पुष्कळ वेळां समजावून सांगितला. परंतु वायु म्हणजे कांहीं एकच पदार्थ नव्हे, आणि प्रत्येक वायूचें अग्नीशीं नातें निराळें आहे, हा धडा आम्हांस स्वतःच्याच घरीं, नातवाच्या वाढदिवशीं, पुन्हां गिरवावा लागला.

प्रसंग असा. फुगे आणण्याचें काम आम्ही हौसेनें पत्करलें होतें. “यांत कोणता वायु भरला आहे?” असें विचारतां फुगेवाला म्हणाला, “हेलियम, आजोबा.” आम्ही विश्वास ठेवला. सायंकाळीं धाकट्या सूनबाई औक्षण करूं लागल्या, तोंच पाटाशेजारीं बांधलेला एक फुगा वाऱ्याच्या झुळुकीनें निरांजनाकडे झुकला आणि भक्कन ज्वाळा उठली. मुलगा सुदैवानें बचावला. सूनबाईंचा हात मात्र मनगटापर्यंत भाजला. “मामंजी, तुम्हांला काय ठाऊक होतें!” असें म्हणून त्या उलट आमचेंच समाधान करूं लागल्या. खरें सांगावयाचें तर आम्हांस ठाऊक होतें, आणि म्हणूनच हा लेख.

कोरड्या हवेचे आकारमानानें शंभर भाग केले तर त्यांत सुमारें ७८ भाग नत्रवायु, २१ भाग प्राणवायु व जवळजवळ एक भाग अर्गॉन असतो. यांपैकीं अग्नीचा खरा सखा एकटा प्राणवायु. तो स्वतः जळत नाहीं. दुसऱ्यास जळावयास साह्य करतो. टोंकाशीं नुसता निखारा उरलेली काडी शुद्ध प्राणवायूंत धरली तर ती पुन्हां पेट घेते. तीच काडी पेटती असतां नत्रवायूंत नेली तर विझते. नत्रवायूचे दोन अणु एकमेकांस इतके घट्ट धरून असतात कीं साध्या ज्वाळेस ते दाद देत नाहींत. हवेचा एवढा मोठा भाग असा उदासीन आहे, म्हणूनच चुलींतील अग्नि आटोक्यांत राहतो.

हायड्रोजन, म्हणजे जुन्या मराठी पुस्तकांतील उज्जवायु, हा अग्नीचा सखा नव्हे. तो त्याचा आहार आहे. १७६६ मध्यें कॅव्हेंडिश यांनीं त्याचे गुणधर्म तपासून त्यास ‘ज्वालाग्राही हवा’ म्हटलें. तो जळला कीं पाणी तयार होतें, यावरून लाव्हाझिए यांनीं त्यास ‘जलजनक’ या अर्थाचें नांव दिलें. हवेंत त्याचें प्रमाण शेंकडा ४ पासून ७५ पर्यंत कितीही असो, ठिणगी पडतांच मिश्रण पेटतें. ६ मे १९३७ रोजीं अमेरिकेंत लेकहर्स्ट येथें हिंडेनबुर्ग हें प्रचंड विमान-फुग्यासारखें जहाज याच वायूमुळें पाहतां पाहतां भस्म झालें व ३६ माणसें प्राणांस मुकलीं. तरीही फुग्यांत तो भरतात. कारण ॲल्युमिनियमचे तुकडे व कॉस्टिक सोडा पाण्यांत एकत्र केले कीं तो अल्प खर्चांत निघतो.

हेलियमचा स्वभाव याच्या अगदीं उलट. त्याच्या अणूंतील दोन इलेक्ट्रॉनांनीं कक्षा पूर्ण भरलेली असते. त्यामुळें तो कोणाकडून कांहीं घेत नाहीं, कोणास कांहीं देत नाहीं. तो जळत नाहीं आणि जाळीतही नाहीं. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास ग्रहणांत जान्सेन यांनीं गुंटूर येथें सूर्याचा वर्णपट पाहिला. त्याच वर्षीं लॉकियर यांनीं इंग्लंडांतून त्यांतील पिवळी रेषा तपासली. सूर्यावरून या वायूचें नांव पडलें. पृथ्वीवर तो रॅम्से यांस १८९५ मध्यें एका खनिजांत सांपडला. हा शोध विजयदुर्गावर लागला अशी समजूत आपल्याकडे आहे. लॉकियर तेथें आले होते हें खरें; परंतु तें जानेवारी १८९८ च्या ग्रहणासाठीं.

आतां आमची चूक कोठें झाली तें पाहूं. शून्य अंश उष्णमानास एक लिटर हवेचें वजन सुमारें १.२९ ग्रॅम, हायड्रोजनचें ०.०९ व हेलियमचें ०.१८ ग्रॅम भरतें. हेलियम दुप्पट जड खरा. पण फुग्यास वर उचलणारा जोर हवेशीं असलेल्या फरकावर ठरतो. तो एकाचा १.२० तर दुसऱ्याचा १.११. दोघांसही रंग नाहीं, वास नाहीं. दोन्ही फुगे सारखेच तरंगतात. डोळ्यांस वा हातांस हा भेद कळणें शक्य नाहीं. आणि जें पारखतां येत नाहीं तें आम्ही एका शब्दावर खरें मानलें.

म्हणून वाचकांस विनंती ही कीं, तरंगणारा प्रत्येक फुगा उज्जवायूचाच समजावा, व निरांजन, उदबत्ती, मेणबत्ती यांपासून दूर ठेवावा. हेलियम असल्याची खात्री असली तरी आवाज बारीक करण्याच्या गमतीसाठीं मुलांस तो ओढूं देऊं नये. तो विषारी नाहीं. परंतु छातींत तो भरला कीं प्राणवायूस जागा राहत नाहीं, आणि त्यानें माणूस बेशुद्ध होऊन दगावूंही शकतो.

सूनबाईंचा हात आतां बरा आहे. व्रण तेवढा राहिला आहे. पुढील वाढदिवशीं औक्षण निरांजनानेंच होईल. फुगेही येतील, परंतु ते आम्ही आपल्या तोंडानें फुगविलेले.