गळती कोठे आहे, ते आधी पाहा

टर्बो बसविलेली मोटार सपाट रस्त्यावर बरी चालते, पण खंबाटकीचा घाट लागला की दम टाकते. सिग्नलला उभी असता थरथरते. समोर पिवळा दिवा लागतो. मालक गॅरेजात जातो आणि उत्तर मिळते, "टर्बो गेला." टर्बो ही महागडी वस्तू. ती बदलली जाते, बिल भरले जाते, आणि कित्येकदा पुढच्या घाटात गाडी पुन्हा तशीच दम टाकते. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, असा हा प्रकार होय. दोष असतो तो एखाद्या सैल क्लिपेत किंवा चिरलेल्या रबरी नळीत. ही गळती शोधावयाची कशी, आणि शोधण्याच्या श्रमाचे मोल कोणी द्यावयाचे, या दोन प्रश्नांचा आज विचार करू.

आम्ही इंजिनियर नव्हे. गॅरेज-कामगारांत संघटनेचे काम करता करता त्यांच्या तोंडून आणि वाचनालयातील पुस्तकांतून जे उमगले, ते येथे मांडीत आहोत.

प्रथम हवेचा मार्ग पाहू. इंजिनात हवा जितकी अधिक जाईल, तितके इंधन अधिक जाळता येते आणि तितकी ताकद अधिक मिळते. सायलेन्सरवाटे फुकट जाणाऱ्या गरम वायूंच्या जोरावर एक चाक फिरवावे, आणि त्याच दांड्यावरील दुसऱ्या चाकाने इंजिनात हवा कोंबावी, ही टर्बोची कल्पना. स्विस अभियंते आल्फ्रेड ब्यूखी यांनी १९०५ साली तिचे पेटंट घेतले. आजच्या पेट्रोल मोटारीत हवा प्रथम फिल्टरमधून येते. पुष्कळ गाड्यांत तेथेच ती मोजणारा सेन्सर असतो. मग टर्बो तिला दाबतो, इंटरकूलर थंड करतो, आणि थ्रॉटलच्या झडपेतून ती मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे सिलिंडरांना हवा वाटून देणाऱ्या नळ्यांत शिरते.

या मार्गाचे तीन टप्पे ध्यानात ठेवले, की निम्मे काम झाले.

पहिला टप्पा सेन्सरपासून टर्बोपर्यंत. येथे टर्बो हवा ओढीत असतो. नळीला चीर पडली तर न मोजलेली आणि न गाळलेली हवा आत येते. मोजणी चुकते, शिवाय धूळ टर्बोच्या नाजूक पात्यांवर जाते.

दुसरा टप्पा टर्बोपासून थ्रॉटलपर्यंत. येथे दाब असतो. लहान मोटारीत बाहेरच्या हवेपेक्षा हा जादा दाब साधारणपणे १० ते २० पौंडांच्या घरात जातो. येथील भोकातून हवा बाहेर पळते. ती मोजली गेलेली असल्याने संगणक तितके पेट्रोल सोडतो. पण हवा पोचतच नाही. गाडीला पिकअप राहत नाही, पेट्रोल अधिक जळते, काळा धूर दिसतो, आणि जोर दिला की फुसफुस ऐकू येते. इंजिन नुसते चालू ठेवून उभे राहिले, तर येथे दाबच नसतो. म्हणून उभ्या गाडीत हा दोष बहुधा लपून राहतो.

तिसरा टप्पा थ्रॉटलच्या पुढचा. उभ्या गाडीत झडप जवळजवळ मिटलेली असते, आणि मॅनिफोल्डमधील दाब बाहेरच्या दाबाच्या एक तृतीयांशाच्या आसपास उतरतो. यालाच गॅरेजात व्हॅक्यूम म्हणतात. येथे भोक पडले की चोरटी हवा आत येते, मिश्रण पातळ होते आणि इंजिन थरथरते. तीच गाडी घाटात जोरावर आली, की त्याच भोकातून हवा उलट बाहेर जाते. काही गाड्यांत हवा न मोजता मॅनिफोल्डमधील दाबच मोजतात. तेथे मिश्रण फारसे बिघडत नाही, फक्त उभ्या गाडीत इंजिनाचे फेरे वाढलेले दिसतात.

यावरून पहिला नियम निघतो: दोष केव्हा दिसतो हे आधी विचारावे. उभी असता त्रास, तर थ्रॉटलच्या पुढे पाहावे. चढावर त्रास, तर टर्बो आणि थ्रॉटल यांच्या मध्ये पाहावे.

स्कॅनर या कामी मदत करतो, पण त्याचे म्हणणे नीट वाचले पाहिजे. 'पी ०२९९' हा संकेत टर्बोचा दाब कमी पडला, एवढेच सांगतो. टर्बो बदला, असे सांगत नाही. 'पी ०१७१' हा मिश्रण पातळ असल्याचे सांगतो. संगणक किती पेट्रोल वाढवीत आहे, हा आकडाही स्कॅनरवर दिसतो. समजा, उभ्या गाडीत तो २० टक्के आहे आणि २,५०० फेऱ्यांवर ३ टक्क्यांवर आला. भोक तेवढेच राहिले, पण इंजिनाची एकूण हवा वाढली. म्हणून चोरट्या हवेचा वाटा घटला. ही व्हॅक्यूमच्या गळतीची खूण होय.

पुढचे काम डोळ्यांनी आणि हातांनी करावयाचे. नळ्यांचे सांधे चाचपावेत; क्लिपा आवळून पाहाव्यात; उंदरांनी कुरतडलेले रबर शोधावे. दाबाच्या नळीच्या सांध्याशी ताजा तेलकट डाग दिसला, तर हवेने तेथून वाट काढली असण्याचा संभव आहे.

एवढ्याने भागले नाही तर दाबाची चाचणी. पंक्चर काढणारा ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे पाहतो, तेच येथे करावयाचे. इंजिन बंद ठेवून टर्बोच्या तोंडाला घट्ट बूच बसवावे, रेग्युलेटर लावून ५ पौंडांपासून हळूहळू हवा भरावी आणि सांध्यांवर साबणाचे पाणी मारावे. गाडीच्या नेहमीच्या दाबापुढे जाऊ नये, आणि बुचासमोर उभे राहू नये. ते सुटले तर गोळीसारखे येते. सायलेन्सरमधून हवा येत असेल, तर ती गळतीच असेल असे नाही. एखाद्या सिलिंडरच्या दोन्ही झडपा थोड्या उघड्या राहिलेल्या असतात, इंजिन किंचित फिरवावे. व्हॅक्यूमच्या बारीक नळ्यांसाठी धुराचे यंत्र उत्तम. हलक्या दाबाने आत सोडलेला धूर जेथून बाहेर येतो, तेथेच भोक. तापलेल्या इंजिनावर कार्ब्युरेटर क्लीनरचा फवारा मारून शोध घेण्याची पद्धत मात्र आम्ही सांगणार नाही. तो पेट घेतो, आणि भाजतो तो फवारणारा पोऱ्या.

एक चाचणी प्रत्येकाने घरी करावी. पुष्कळ गाड्यांत ब्रेकला व्हॅक्यूमची मदत असते. इंजिन बंद असता ब्रेक चारपाच वेळा दाबावा. तो कडक होतो. मग पाय तसाच ठेवून इंजिन चालू करावे. पेडल किंचित खाली गेले पाहिजे. गेले नाही, तर गाडी बाहेर न काढता मेकॅनिकला बोलवावे. ही गळती खिशाची नव्हे, जिवाची आहे.

गळती तशीच ठेवली तर काय होते? हरवलेला दाब भरून काढण्यासाठी टर्बोला अधिक वेगाने फिरावे लागते, आणि अखेर चांगला टर्बो खरोखरीच जातो.

आता दुसरा प्रश्न. आमच्या पाहण्यातील एका गॅरेजात एका जुन्या मेकॅनिकने दीड तास वाकून इंटरकूलरच्या मागे सरकलेली नळी शोधली आणि एक क्लिप बदलली. बिलात क्लिपेचे पैसे लागले, ती बसविण्याची मजुरी लागली. दीड तासाच्या शोधाला ओळच नव्हती. मालक खूश होऊन गेला. मेकॅनिकला मात्र त्या दिवशी कमी काम केल्याबद्दल बोलणी खावी लागली. त्याच वेळात टर्बो बदलला असता, तर गॅरेजचा धंदा झाला असता आणि त्याला शाबासकी मिळाली असती.

जेथे वस्तू विकण्याला मोबदला आहे आणि विचार करण्याला नाही, तेथे वस्तूच विकल्या जाणार. यात कामगाराचा लोभ शोधण्यापेक्षा बिलाची रीत तपासावी. वैद्याला आपण नाडीपरीक्षेचे पैसे देतो. औषध लिहून दिले नाही म्हणून ते परत मागत नाही. मग इंजिनाची नाडी पाहणाऱ्यालाच ते का नाकारावे?

तेव्हा गॅरेजात गेल्यावर तीन गोष्टी मागाव्यात. गळतीची जागा डोळ्यांनी दाखवा, असे म्हणावे. काढलेला भाग परत मागावा. आणि बिलात 'तपासणी' या नावाची स्वतंत्र ओळ मागून घेऊन तिचे पैसे घासाघीस न करता द्यावेत. ते पैसे नव्या टर्बोच्या मानाने थोडे असतात, आणि ते देणारे गिऱ्हाईक असले, तरच शोधणारा मेकॅनिक टिकतो.