नियमांत बांधलेला चकवा: कूट शब्दकोड्याचे कष्ट आणि समाधान

आज सर्वपरिचित असलेले शब्दकोडे २१ डिसेंबर १९१३ रोजी ‘न्यूयॉर्क वर्ल्ड’ या वृत्तपत्राच्या रविवारच्या पुरवणीत आर्थर विन यांनी प्रथम छापले. परंतु त्याला बुद्धीचा कस पाहणारे कूट रूप लाभले ते १९२० च्या दशकात, इंग्लंडमध्ये. साध्या शब्दकोड्यात समानार्थी शब्द विचारलेला असतो आणि तो ठाऊक असला की घरे भरतात. कूट शब्दकोड्यात, म्हणजे ज्याला इंग्रजी वाचक ‘क्रिप्टिक’ म्हणून ओळखतात त्यात, बहुतेक संकेतांचे दोन भाग असतात: उत्तराचा सरळ अर्थ सांगणारी व्याख्या संकेताच्या सुरुवातीस किंवा शेवटास येते, आणि उरलेल्या शब्दांत तेच उत्तर अक्षरे जोडून, उलटवून किंवा दुसऱ्या शब्दाच्या पोटात दडवून पुन्हा दिलेले असते. हे दोन्ही भाग एका सरळ भासणाऱ्या वाक्यात बेमालूम मिसळलेले असल्यामुळे व्याख्या कुठे संपते आणि रचना कुठे सुरू होते, हेच आधी ओळखावे लागते.

ही रीत मराठीत उतरवून पाहिली तर स्पष्ट होते. ‘पाण्याला पहिला स्वर मिळाला की मैफल (३)’ हे वाक्य वाचताच मन जलतरंगाकडे धाव घेते आणि तिथेच अडकते, कारण वाक्याचा वरवरचा अर्थ तिकडेच बोट दाखवतो. प्रत्यक्षात ‘मैफल’ ही व्याख्या आहे, पाणी म्हणजे ‘जल’, सप्तकातला पहिला स्वर ‘सा’, आणि उत्तर ‘जलसा’. उत्तर सापडल्यावर ते कोणाला विचारून पडताळावे लागत नाही, कारण दोन स्वतंत्र वाटा एकाच शब्दापाशी येऊन मिळतात आणि संकेतातला एकही शब्द शिल्लक उरत नाही. कूट शब्दकोड्यातल्या समाधानाचे मूळ या स्वयंसिद्धतेत आहे, आणि कोडे जितके अवघड तितकी तिची गरज अधिक.

ही जाणीव मात्र सुरुवातीपासून नव्हती. एडवर्ड पॉइस मॅथर्स या कवी-अनुवादकाने १९२६ पासून ‘द ऑब्झर्व्हर’मध्ये ‘टॉर्केमाडा’ या नावाने कोडी रचली. स्पेनमधील धर्मन्यायपीठाच्या क्रूर प्रमुखाचे हे नाव त्यांच्या काठिण्याला साजेसेच होते. त्यांची प्रतिभा असामान्य होती, तरी सोडवणाऱ्याने संकेतातून नेमके काय गृहीत धरायचे, याचे बंधन त्यांनी स्वतःवर घातले नव्हते. १९३९ मध्ये त्यांच्या निधनानंतर ती जागा डेरिक सॉमरसेट मॅकनट या अभिजात भाषांच्या शिक्षकाकडे आली. दुसऱ्या एका धर्मन्यायाधीशावरून ‘झिमेनीस’ हे नाव घेतलेल्या मॅकनट यांनी १९६६ मध्ये कोडेरचनेच्या कलेवर पुस्तक लिहून तिचे नियम बांधून दिले. अचूक व्याख्या, नेमकी रचना आणि त्यांच्यापलीकडे काहीही नाही, हे त्या नियमांचे सार. कोडेकाराने दिशाभूल जरूर करावी, पण त्याचे शब्द काटेकोरपणे वाचले असता त्यांनी खरेच सांगितले पाहिजे, ही अट त्यामुळे रूढ झाली आणि फसवणूक व चकवा यांच्यात रेघ ओढली गेली.

या शिस्तीवर उभे राहून काठिण्य किती उंच जाऊ शकते, याचा नमुना म्हणजे ‘लिसनर’ कोडे. बीबीसीच्या ‘द लिसनर’ या साप्ताहिकात ते १९३० मध्ये सुरू झाले आणि १९९१ मध्ये साप्ताहिक बंद पडल्यावर ‘द टाइम्स’ने त्याला आपल्या शनिवारच्या अंकात जागा दिली. यातल्या चौकटीत बहुधा काळी घरे नसतात, शब्दांच्या सीमा जाड रेघांनी दाखवलेल्या असतात, आणि ‘चेंबर्स’ शब्दकोशातले अतिविरळ शब्द उत्तर म्हणून येतात. पण खरी अवघड गोष्ट पुढेच असते. कित्येक कोड्यांत संकेतांमध्ये एखादे जादा किंवा चुकीचे अक्षर मुद्दाम पेरलेले असते, ही अक्षरे क्रमाने मांडली की एक सूचना तयार होते, आणि त्या सूचनेनुसार भरलेल्या चौकटीतले काही शब्द पुन्हा बदलावे लागतात. काही कोड्यांत तर उत्तर कळूनही ते घरांत कसे भरायचे हे कळत नाही, म्हणून तासन् तास खपूनही चौकट रिकामीच दिसते. वर्षभरातली सगळी कोडी बिनचूक सोडवणारे मोजकेच असतात, आणि सर्वांत कमी चुका करणाऱ्याला दरवर्षी चांदीचे तबक दिले जाते.

इतके कष्ट माणूस स्वेच्छेने का घेतो, याचा शोध बकिंगहॅम विद्यापीठातील कॅथरिन फ्रीडलँडर आणि फिलिप फाइन या मानसशास्त्रज्ञांनी घेतला. संकेताचे वाक्य मनाला सवयीच्या अर्थाकडे खेचते, तो अर्थ डोक्यातून जाता जात नाही, आणि मग वाक्याची मांडणीच मोडून नव्याने जुळवली की उत्तर एकाएकी लख्ख दिसते, अशी या प्रक्रियेची उकल त्यांनी केली. ‘एच, आय, जे, के, एल, एम, एन, ओ’ एवढीच अक्षरे देऊन पाच अक्षरी इंग्रजी शब्द मागणारा एक प्रसिद्ध संकेत आहे. त्यात ‘एच’पासून ‘ओ’पर्यंतची अक्षरे आहेत, म्हणजे इंग्रजीत ‘एच टू ओ’, म्हणजेच पाण्याचे रासायनिक सूत्र, आणि उत्तर ‘वॉटर’. ज्ञानाची इथे काहीच उणीव नसते, उणीव असते ती नजरेची. म्हणून उत्तर मिळाल्यावर होणाऱ्या आनंदात स्वतःच्याच मनाची पकड सोडवल्याचा भाग मोठा असतो.

या आनंदाचा दुसरा भाग कोडेकार आणि सोडवणारा यांच्यातल्या विश्वासाचा आहे. ‘अरॉकॅरिया’ या नावाने ‘द गार्डियन’मध्ये दशकानुदशके कोडी रचणारे धर्मोपदेशक जॉन ग्रॅहम हे झिमेनीसच्या नियमांबाबत बरेच मोकळे होते, तरी वाचकांचा त्यांच्यावर गाढ लोभ होता. आपल्याला अन्ननलिकेचा कर्करोग झाला आहे, ही बातमी जानेवारी २०१३ मध्ये त्यांनी ‘गार्डियन’च्या वाचकांना कोड्यातूनच दिली, ती कळण्यासाठी वाचकाला एकेक उत्तर सोडवावे लागले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये त्यांचे निधन झाले. ज्यांना आयुष्यभर चकवले त्यांच्यापाशीच इतकी खाजगी गोष्ट बोलता यावी, यावरून या नात्यात किती आपुलकी असते हे दिसते.

मराठी वाचकाला हा खेळ परका वाटण्याचे कारण नाही. दंडीच्या ‘काव्यादर्शा’च्या तिसऱ्या परिच्छेदात प्रहेलिकांचे, म्हणजे काव्यमय कोड्यांचे, प्रकार सांगितलेले आहेत, आणि श्लेष हा आपल्या काव्यशास्त्रातला मानाचा अलंकार आहे. असे असूनही मराठी वृत्तपत्रांतली शब्दकोडी प्रामुख्याने समानार्थी शब्द विचारण्यावरच थांबतात. रोमन लिपीत प्रत्येक अक्षर सुटे असल्यामुळे अक्षरांची उलथापालथ सोपी जाते, तर देवनागरीत एका घरात मात्रेसह पूर्ण अक्षर बसते आणि जोडाक्षरांमुळे ती वाट अरुंद होते, ही अडचण खरी आहे. पण जोडणी, उलट वाचन, पोटशब्द आणि श्लेष या वाटा मराठीत मोकळ्याच आहेत. मराठीत ही कला रुजायची असेल तर आधी नियम ठरले पाहिजेत, म्हणजे जोडाक्षर एक मोजायचे की दोन, ऱ्हस्वदीर्घात सूट द्यायची की नाही आणि प्रमाण कोणता शब्दकोश मानायचा, कारण या गोष्टी दोन्ही बाजूंनी आधीच मान्य केल्या असतील तरच अवघड कोड्याशी झुंजणाऱ्याला शेवटी न्याय मिळेल. उत्तम कोडेकार हरण्याची तयारी ठेवूनच कोडे रचतो. सोडवणाऱ्याचे कष्ट फळाला येतात ते त्याच्या या प्रामाणिकपणामुळे.