कंपवात, पेशींतील तंतुकणिका आणि औषधांची फवारणी

कंपवात म्हणजे म्हातारपणाचाच एक भाग, असा सर्वसाधारण समज आहे. हात थरथरणें, अंग ताठणें, हालचाल मंदावणें हीं त्याचीं मुख्य लक्षणें होत. लंडनचे वैद्य जेम्स पार्किन्सन यांनीं १८१७ सालीं त्यांचें पद्धतशीर वर्णन केलें. मेंदूच्या मध्यभागीं डोपामीन नांवाचें द्रव्य तयार करणाऱ्या पेशींचा एक लहान पुंजका आहे; त्या पेशी मरूं लागल्या म्हणजे हा रोग जडतो. त्या कां मरतात, हा प्रश्न शेतकरीवर्गाच्या जिव्हाळ्याचा आहे. कारण त्याच्या उत्तरांत बीजाचा जसा वांटा आहे, तसा फवारणीच्या औषधांचाहि असावा असें दिसतें.

शरीरांतील बहुतेक सर्व पेशींत तंतुकणिका असतात; इंग्रजींत त्यांस मायटोकाँड्रिया म्हणतात. अन्नाचें सार व प्राणवायु यांच्या योगानें पेशीस लागणारी शक्ति तेथें निर्माण होते. त्यांचीं स्वतःचीं जनुकें असतात. मनुष्यांत तीं ३७ असून केवळ मातेकडून येतात. वळू कितीहि नामांकित आणला, तरी वासराच्या तंतुकणिका गाईच्याच वंशाच्या असतात, तसेंच हें. मात्र तंतुकणिकांचीं बहुतेक प्रथिनें पेशीकेंद्रांतील जनुकांवरून बनतात, आणि तीं जनुकें आईबाप दोघांकडून येतात.

या कणिकांचा कंपवाताशीं संबंध उघडकीस आला तो एका अपघातानें. १९८२ सालीं कॅलिफोर्नियांत कांहीं तरुणांनीं चोरून बनविलेलें मादक द्रव्य टोंचून घेतलें आणि थोड्याच दिवसांत त्यांचीं अंगें लाकडासारखीं ताठलीं. त्या द्रव्यांत एमपीटीपी नांवाची भेसळ निघाली. तिच्यापासून शरीरांत तयार होणारें विष तंतुकणिकांतील शक्तिनिर्मितीच्या साखळीचा पहिला दुवा बंद पाडतें. पुढें १९८९ सालीं, ज्यांनीं असें कांहीं घेतलें नव्हतें अशा मृत रोग्यांच्या मेंदूंतहि हाच दुवा दुबळा आढळला.

नंतर जनुकांचा पुरावा मिळाला. १९९८ सालीं पार्किन व २००४ सालीं पिंक-१ या जनुकांतील दोष कांहीं कुटुंबांतील रोगास कारण असल्याचें दिसलें. शेतकरी जसा सडका कांदा चाळींतून वेळींच काढून टाकतो, तशी हीं जनुकें बिघडलेली तंतुकणिका पेशींतून काढविण्याचें काम करतात. तें थांबलें कीं बिघाड सांचत जातो. हीं जनुकें पेशीकेंद्रांतील असून आई व बाप या दोघांकडूनहि सदोष प्रत आली तरच सहसा हा रोग होतो. म्हणून त्याचा दोष एकट्या मातृकुळास देणें अन्यायाचें आहे. बहुतेक रोग्यांत तर असा सरळ वारसा सांपडतच नाहीं.

आतां औषधांकडे वळूं. कांहीं वनस्पतींच्या मुळांपासून निघणारें रोटेनोन हें कीटकनाशक तोच पहिला दुवा रोखतें. २००० सालीं प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत त्यानें उंदरांत कंपवातासारखी विकृति उत्पन्न केली. पॅराक्वाट या तणनाशकाची घडण एमपीटीपीपासून होणाऱ्या विषाशीं मिळतीजुळती आहे, परंतु तें मुख्यतः पेशींतील घटक प्राणवायूच्या उग्र रूपांनीं जाळतें. अमेरिकेंतील एका पाहणींत (२०११) हीं दोन औषधें वापरणाऱ्यांत कंपवाताची शक्यता सुमारें अडीचपट आढळली. यावरून अमक्याला रोग औषधानेंच झाला असें सिद्ध होत नाहीं. पण सावधगिरीस एवढें कारण पुरेसें आहे. युरोपीय संघांत २००७ पासून पॅराक्वाटला परवानगी नाहीं.

तेव्हां औषध हातानें ढवळूं नये; वाऱ्याच्या उलट दिशेस तोंड करून फवारूं नये; हातमोजे व तोंडावर योग्य आच्छादन वापरावें; काम संपतांच स्नान करून कपडे निराळे धुवावे. वनस्पतिजन्य म्हणून कोणतेंहि औषध निरुपद्रवी मानूं नये. हाताचा कंप किंवा चालींतील मंदपणा दिसूं लागल्यास वय झालें म्हणून स्वस्थ न बसतां डॉक्टरांस दाखवावें. रोग समूळ जात नसला, तरी लेव्होडोपा या औषधानें पुष्कळ रोग्यांचे हातपाय पुन्हां कामास लागतात. आलेलें बीज आपण बदलूं शकत नाहीं. फवारणीची रीत मात्र सर्वस्वीं आपल्याच हातीं आहे.