भिंतीवरच्या पंख्याची मोटार

कोल्हापूरजवळच्या शिरोलीच्या किंवा गोकुळ शिरगावच्या एखाद्या फाउंड्रीत पाऊल टाकलं, की नजर भट्टीकडे जाते. त्याच शेडच्या भिंतीत, पत्र्याच्या खाली, मोठाले एक्झॉस्ट पंखे फिरत असतात. त्यांच्याकडे कुणी मान वर करून पाहत नाही. लेथची मोटार बंद पडली तर काम अडतं आणि वायरमनला लगेच हाक जाते. पंखा बंद पडला तर काम अडत नाही. धूर आणि वाळूची बारीक धूळ मात्र शेडमध्ये कोंडत राहते, आणि ती माणसांच्या छातीत उतरते. वाळूतल्या सिलिकाने फुप्फुसाला जो सिलिकोसिस होतो, तो बरा होत नाही. कारखाने अधिनियम, १९४८ च्या कलम १३ ने कारखान्यात हवा खेळती ठेवणं बंधनकारक केलं होतं. पंख्याच्या मोटारीची जोडणी करताना म्हणूनच एक गोष्ट धरून चालावी लागते: एकदा झाकण लावलं, की पुढची काही वर्षं तिच्याकडे कुणी बघणार नाही.

सुरुवात नेमप्लेटपासून. तीन फेजच्या साध्या मोटारीच्या टर्मिनल बॉक्समध्ये सहा बोल्ट असतात. एका ओळीत यू-१, व्ही-१, डब्ल्यू-१ आणि समोरच्या ओळीत डब्ल्यू-२, यू-२, व्ही-२. हा क्रम मुद्दाम सरकवलेला असतो. समोरासमोरचे बोल्ट पट्ट्यांनी जोडले की डेल्टा होतो, आणि दुसरी ओळ सगळी एकत्र जोडली की स्टार. आपल्या ४१५ व्होल्टच्या पुरवठ्यावर डेल्टात प्रत्येक कॉइलला पूर्ण ४१५ व्होल्ट मिळतात, स्टारमध्ये सुमारे २४०. आपल्याकडे लहान मोटारी, साधारण तीन एचपीपर्यंतच्या, बऱ्याचदा स्टारसाठी आणि मोठ्या डेल्टासाठी बांधलेल्या असतात. पण या अंदाजावर पट्ट्या लावू नयेत, प्लेटवर काय लिहिलंय ते वाचावं. स्टारची मोटार डेल्टात जोडली तर ती थोड्याच वेळात जळते आणि चूक निदान उघड तरी होते. उलट चूक जास्त छुपी आहे. डेल्टाची मोटार स्टारमध्ये राहिली तर तिची ओढ एक तृतीयांशावर येते. पंखा फिरतो, पण कमी वेगाने, आणि मोटार आतून तापत राहते. वायंडिंगचं तापमान दर दहा अंशांनी वाढलं की इन्सुलेशनचं आयुष्य साधारण निम्मं होतं, असा विद्युत क्षेत्रातला जुना आडाखा आहे.

पंख्याचं दुसरं वेगळेपण सुरू होताना दिसतं. जड पात्यांचा ब्लोअर वेग घ्यायला दहा-वीस सेकंद घेऊ शकतो, आणि थेट डीओएल स्टार्टरवर तेवढा वेळ मोटार पूर्ण भाराच्या सहा-सात पट करंट ओढते. नेहमीचा ओव्हरलोड रिले इतका धीर धरत नाही, तो ट्रिप होतो. मग कुणीतरी स्क्रूड्रायव्हर घेऊन रिलेचं सेटिंग वाढवून ठेवतं. पंखा सुरू होतो, पण त्या क्षणापासून मोटारीला संरक्षण उरलेलं नसतं. वर्कशॉपमधल्या सगळ्या वाईट सवयींत मला ही सर्वांत घातक वाटते. सेटिंग प्लेटवरच्या करंटइतकंच हवं. वेळ जास्त लागत असेल तर सावकाश ट्रिप होणारा, क्लास २० किंवा ३० चा रिले घ्यावा, नाहीतर सॉफ्ट स्टार्टर किंवा व्हीएफडी बसवावा. सेंट्रिफ्यूगल ब्लोअर डँपर बंद ठेवून सुरू केला तर भार पुष्कळ हलका होतो. स्टार-डेल्टा स्टार्टरमध्ये रिले वायंडिंगच्या मार्गात असेल तर त्याचं सेटिंग प्लेटच्या करंटच्या ०.५८ पट लागतं. साधारण १४ अँपियर घेणाऱ्या दहा एचपीच्या मोटारीला ते आठ अँपियरच्या आसपास येतं. इथे १४ लावून ठेवलेले रिले पुष्कळ ठिकाणी सापडतील.

मोटारी जळण्याचं आणखी एक नेहमीचं कारण आपल्या शेतकऱ्यांनाही चांगलं ठाऊक आहे. ट्रान्सफॉर्मरवरचा एका फेजचा फ्यूज उडतो, आणि चालू मोटार उरलेल्या दोन फेजवर फिरतच राहते. आवाज बदलतो, घरघर वाढते. विहिरीवर ते कानाला कळतं. फाउंड्रीच्या कोलाहलात, वीस फूट उंचीवर, कुणाला कळणार? उरलेल्या दोन तारांमधला करंट दीडपटीच्या वर जातो. मोटार आधीच हलक्या भारावर चालत असेल तर तो रिलेच्या मर्यादेतच राहतो, आणि एखादी कॉइल शिजत जाते. म्हणून पंख्याच्या स्टार्टरमध्ये सिंगल फेज प्रिव्हेंटर हवाच.

जोडणी झाल्यावर मोटारीला क्षणभर चालू करून दिशा पाहतात. उलटी असेल तर कुठल्याही दोन फेजच्या तारा अदलाबदल करायच्या, इतकं सोपं. भिंतीतला पात्यांचा पंखा उलटा फिरला तर हवा आत येते, चूक लगेच ध्यानात येते. गोगलगायीच्या शंखासारख्या घराचा सेंट्रिफ्यूगल ब्लोअर मात्र उलटा फिरला तरी हवा त्याच तोंडातून बाहेर टाकतो, फक्त फार कमी. हात लावून पाहणाऱ्याला वाटतं, चालतोय. त्यामुळे ब्लोअरच्या बाबतीत हवेवर विसंबू नये, घरावरचा बाण आणि शाफ्टची दिशा डोळ्यांनी जुळवावी.

अर्थिंगबद्दल नियम स्पष्ट आहे. १९५६ च्या भारतीय विद्युत नियमांपासून ते केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या विनियमांपर्यंत, बसवलेल्या मोटारीच्या सांगाड्याला दोन स्वतंत्र अर्थ जोडण्या सांगितल्या आहेत. पंखा सतत थरथरतो, बोल्ट सैल होतात. एक जोडणी सुटली तर दुसरी माणसाला वाचवते. त्याच थरथरीसाठी केबलचा शेवटचा टप्पा लवचीक ठेवावा, टोकाला नीट क्रिंप केलेला लग आणि त्याखाली स्प्रिंग वॉशर असावा. केबल ग्लँडमध्ये खालून शिरावी, म्हणजे पावसाचं पाणी तिच्यावरून ओघळत बॉक्समध्ये जाणार नाही, आणि न वापरलेलं प्रत्येक भोक प्लगने बंद करावं. आयपी-५५ लिहिलेली मोटार एका उघड्या भोकामुळे साधी होते. वीज देण्याआधी ५०० व्होल्टच्या मेगरने वायंडिंग आणि सांगाडा यांच्यातला रोध मोजायचा. तो एक मेगओहमच्या खाली असेल तर मोटार आधी वाळवायची.

शिडीवर चढणाऱ्या माणसासाठी पंख्याशेजारीच आयसोलेटर हवा, कुलूप घालता येईल असा, आणि किल्ली त्या माणसाच्याच खिशात. खाली पॅनेलपाशी कुणाला तरी 'लक्ष ठेव' सांगून वर जाणं पुरत नाही. शेतीपंपाला लावतात तसा ऑटो स्विच पंख्याला लावलेला असेल, तर गेलेली वीज परत येताच पाती अचानक फिरू लागतात. वीज नसतानाही वाऱ्याने किंवा दुसऱ्या पंख्याच्या ओढीने पाती फिरू शकतात, तेव्हा हात घालण्याआधी ती बांधून ठेवावीत. सिंगल फेज मोटारीचा कपॅसिटर बंद केल्यावरही भारलेला राहू शकतो. व्हीएफडीच्या आतला तर काही मिनिटं राहतोच.

रंगाच्या बूथमध्ये ही सगळी काळजी घेऊनही एक गोष्ट उरते. तिथे पंखा थांबला तर थिनरची वाफ साचते, आणि एक ठिणगी पुरते. कॉन्टॅक्टर ओढला गेला म्हणजे हवा वाहतेय असं नव्हे, ब्लोअरचा पट्टा तुटलेला असू शकतो. म्हणून तिथला इंटरलॉक कॉन्टॅक्टरवरून घेऊ नये, डक्टमधल्या एअरफ्लो स्विचवरून घ्यावा. त्या स्विचने हवा असल्याचं सांगितल्याशिवाय स्प्रे गनला कॉम्प्रेसरची हवा मिळता कामा नये. मोटार शक्यतो वाफेच्या वाटेबाहेर बसवावी, आणि त्या क्षेत्रात बसवावीच लागली तर प्रमाणित फ्लेमप्रूफ घ्यावी, तिच्या केबल ग्लँडसकट.