मडक्यावर झाकण ठेवायचा सण

पेसाह हा ज्यू लोकांचा मोठा सण. मिसर देशातल्या गुलामगिरीतून सुटका झाली, पण निघण्याची घाई अशी की कणीक आंबायलाही सवड मिळाली नाही. म्हणून त्या दिवसांत आंबवलेलं काही खायचं नाही, बेखमीर रोटी खायची. आपल्या कुलाबा जिल्ह्यातले, म्हणजे आताच्या रायगडातले, बेने इस्रायली लोक मात्र या सणाला म्हणत 'अनाशी ढाकाचा सण'. अनस म्हणजे आंबट कालवणाचं मडकं. एरवी रोजच्या वापरातलं; या सणाला ते झाकून ठेवायचं. मोशेचं नाव नाही, फारोचं नाही. सणाच्या नावात राहिलं ते मडकं.

हे नाव मी पहिल्यांदा ऐकलं 1988 साली, बँकेने अलिबागला बदली केली तेव्हा. नातेपुत्यासारख्या माणदेशाच्या कडेच्या गावातून गेलेला मी. ज्यू म्हणजे शाळेच्या पुस्तकातला शब्द. तिथे माझे एक सहकारीच बेने इस्रायली निघाले. आडनाव गावावरून पडलेलं, शेवटी 'कर'. बोलणं अस्सल कोकणी. आणि शब्बाथच्या शनिवारी कामावर यावं लागतं याची कायमची खंत. त्यांच्या आईंना आम्ही सगळेच आई म्हणत असू. सणांची मराठी नावं मला त्यांनी सांगितली.

नवीन वर्ष, रोश हशाना, तो 'नव्याचा सण'. त्यानंतर लगेच नव्या तांदळाची, नारळाच्या दुधातली खीर, म्हणून 'खिरीचा सण'. प्रायश्चित्ताचा कडक उपास, योम किप्पूर, तो 'दारफाळणीचा सण'. त्या दिवशी पांढरे कपडे घालायचे, दार लावून घ्यायचं आणि बाहेरच्या कोणाशी बोलायचंही नाही. दुसऱ्या दिवशी 'शिळा सण': दारं उघडायची, गोरगरिबांना दानधर्म करायचा, एकमेकांकडे जायचं. पुरीमला सरळ 'होळीचा सण' म्हणून मोकळे. जेरुसलेमचं मंदिर पाडलं गेलं त्या दुःखाच्या उपासाला 'बिरड्याचा सण'. सोललेल्या वालांचं बिरडं त्या उपासाशी जोडलेलं. आई मला म्हणाल्या होत्या, "साहेब, तुम्ही घाटावरची माणसं. बिरड्याचं सुख काय नि दुःख काय, तुम्हाला काय कळणार!" खरंच होतं ते. आमच्याकडे हुलगा आणि मटकी.

ही नावं अशी का, याचं उत्तर त्यांच्या परंपरेत आहे. अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यापाशी गलबत फुटलं, सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या, धर्मग्रंथ समुद्रात गेले. पुढची कित्येक शतकं हे लोक तेल गाळत राहिले आणि शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून 'शनिवार तेली' म्हणवले गेले. हिब्रूतली 'शेमा' ही एक प्रार्थना तेवढी उरली. पुढे दाविद राहबी नावाचा विद्वान आला. हे ज्यूच आहेत का, हे पाहायला त्याने बायकांपुढे निरनिराळी मासळी ठेवली. त्यांनी खवले आणि पर असलेली वेगळी काढली. बाकीची आम्ही खात नाही म्हणाल्या. ज्यू धर्माचा नियम तोच! कथेतला इतिहास किती आणि दंतकथा किती, हे अभ्यासकांनी ठरवावं. परीक्षा मात्र स्वयंपाकघरात झाली आणि ती बायकांनी दिली, हे मला फार पटतं.

पोथ्या नसताना तिथी कशा सांभाळल्या असतील? माझा तर्क असा की शेजारच्या पंचांगाची मदत झाली असणार. ज्यू महिने आपल्यासारखेच चांद्र, आणि सूर्याशी मेळ घालायला त्यांच्याकडेही अधिक महिना, 19 वर्षांत 7 वेळा. आपला धोंडा फिरता, त्यांचा मात्र ठरलेला, अदारचा. त्यामुळे कधी महिन्याचा फरक पडतो. एरवी जोडी जमते. 2024 साली नव्याचा सण आणि घटस्थापना, दोन्ही 3 ऑक्टोबरला आले. 2025 साली हनुमान जयंती 12 एप्रिलला, आणि पेसाह त्याच संध्याकाळी सुरू झाला. इकडे शिखर शिंगणापूरच्या कावडी मुंगी घाट चढून गेल्यावर तीन-चार दिवसांत जो पूर्ण चंद्र आम्ही पाहतो, तोच तिकडे अनस झाकायला सांगतो.

एकोणिसाव्या शतकात पुन्हा हिब्रू शिकवलं गेलं. पाद्री जॉन विल्सन यांनी 1832 साली मराठीतून हिब्रूचं व्याकरणच छापलं. पुण्यात 1874 साली पेसाहची पोथी, हग्गादा, हिब्रू-मराठीत निघाली. तिच्या चित्रात साड्या नेसलेल्या बायका जमिनीवर बसून बेखमीर रोट्या करताना दिसतात. मूळ नावं परत आली, हनुक्का हा विसरलेला सण परत आला. हाईम सॅम्युएल केहीमकरांनी जुने सण आपल्या इतिहासात लिहून ठेवले. ग्रंथ 1897 साली लिहून झाला, छापला गेला 1937 साली, तेल अवीवमध्ये. ते नसते तर यातलं बरंच कोणाला ठाऊक राहिलं नसतं.

इस्रायल झाल्यावर बहुतेक कुटुंबं तिकडे गेली. तिथे धर्मपीठाने लग्नाच्या वेळी यांच्या पूर्वजांची चौकशी सुरू केली. तुम्ही पुरते ज्यू आहात कशावरून, असा प्रश्न! ज्यांनी ग्रंथावाचून दार लावून उपास केले, त्यांनाच तो विचारला गेला. 1964 साली या मंडळींनी जेरुसलेममध्ये धरणं धरलं, तेव्हा सरकारने त्यांना सर्वार्थाने ज्यू मानल्याचं जाहीर केलं. आपल्याकडे राज्य सरकारने ज्यूंना अल्पसंख्याक दर्जा 2016 साली दिला. तोवर रायगडातल्या कितीतरी गावांत सिनेगॉग उरलं होतं आणि प्रार्थनेला लागणारे दहा पुरुष उरले नव्हते.

आई अलिबागलाच वारल्या. सहकारी निवृत्तीनंतर मुलाकडे इस्रायलला गेले. नव्याच्या सणाला त्यांच्याकडे अजून नारळाच्या दुधातला चिकाचा हलवा होतो, पण नातवंडं त्याला रोश हशानाचा हलवा म्हणतात. गेल्या वर्षी त्यांचा फोन आला. आईंनी सांगितलेली सगळी नावं तुम्ही तेव्हा वहीत टिपली होती, ती पाठवा म्हणाले. त्यांना स्वतःला चारच आठवत होती. मी नावं देवनागरीत लिहून पाठवली. आठवड्याने पुन्हा फोन. नातीला 'दारफाळणी' म्हणता येत नव्हतं, आणि अनस केवढा असायचा, माठाएवढा की लोटक्याएवढा, असं ती विचारत होती.