हात सुटल्यावर

गर्दीत मूल हरवण्याच्या जागा ठरलेल्या असतात. देवळाबाहेरचा चपलांचा स्टँड ही त्यातली पहिली. आई वाकून सँडलचा पट्टा सोडवत असते, बाबा टोकन घ्यायला खिडकीशी, आजी ‘ताट कोणी धरतंय का’ म्हणत असते, आणि ज्याच्या चपला सगळ्यांत आधी निघाल्या तो चार वर्षांचा गडी घंटेच्या आवाजाकडे चालू लागलेला असतो. तिकिटाची खिडकी, आकाशपाळण्याची रांग, भेळवाल्याला सुटे देण्याची वेळ, पर्समध्ये वाजणारा फोन हुडकण्याची वेळ. दोन्ही हात लागणारं काम निघालं की मुलाचा हात सुटतो.

‘सतत लक्ष ठेवा’ हा सल्ला देणाऱ्याला काही खर्च नसतो. तासभर डोळ्यांत तेल घालून एकाच गोष्टीकडे बघणं कुणालाच जमत नाही. त्यामुळे लक्ष कधीतरी सुटणार, हे धरूनच बेत करावा लागतो.

सोबत मोठी माणसं जास्त असली की धोका उलट वाढतो. लग्नात दोन मावश्या, एक काका, आजी-आजोबा सगळे हजर, आणि प्रत्येकाला वाटतं पोरगं दुसऱ्याकडे आहे. यावर उपाय अगदी साधा आहे: ताबा बोलून द्यायचा आणि बोलून घ्यायचा. ‘मी टोकन घेतोय, ओजस तुझ्याकडे.’ ‘हो, माझ्याकडे.’ हे उत्तर आलं नाही तर ताबा दिला गेला नाही असं समजायचं. पोहण्याच्या तलावाशी किंवा समुद्रावर तर याला पर्याय नाही. तिथे ज्याच्याकडे ताबा आहे त्याने तेवढा वेळ फोन खिशातच ठेवायचा.

मुलाच्या बाजूनेही गर्दी कशी दिसते ते बघायला हवं. चार वर्षांच्या मुलाची उंची साधारण एक मीटर. त्याच्या डोळ्यांपुढे असतात गुडघे, पिशव्या, साडीचे काठ. आईने आज निळी साडी नेसलीय एवढं त्याला ठाऊक असतं आणि निळ्या साड्या तर दहा दिसतात. शिवाय या वयाच्या पुष्कळ मुलांना आपण हरवलोय असं वाटतच नाही. त्यांच्या हिशेबाने आई हरवलेली असते, म्हणून ती शोधायला निघतात. चालतं मूल आणि शोधणारे पालक एकमेकांना चुकवत राहतात. त्यामुळे मुलाला शिकवायची पहिली गोष्ट एकच: आई दिसेनाशी झाली की पाय हलवायचे नाहीत, मोठ्याने हाक मारायची. हे घरात, बाजारात, खेळ म्हणून करून घ्यावं. नुसतं सांगून ऐन वेळी आठवत नाही.

दुसरी गोष्ट नावाची. आईचं नाव विचारलं तर लहान मूल ‘आई’ सांगतं, बाबांचं नाव ‘बाबा’, स्वतःचं ‘सोनू’. एवढ्यावर पोलिसांनी काय करायचं? स्वतःचं पूर्ण नाव, आई-वडिलांची नावं, गाव आणि एक मोबाइल नंबर हे चालीवर पाठ करून घेता येतं. पाढे येतात त्या वयात दहा आकडे सहज येतात. फार लहान असेल तर नंबर बॉलपेनने हाताच्या आतल्या बाजूला लिहावा किंवा चिठ्ठी खिशात घालून खिशाला सेफ्टी पिन लावावी. नाव मात्र टी-शर्टवर किंवा टोपीवर ठळक छापू नये. ते वाचून कुणीही परका ओळखीच्या माणसासारखी हाक मारू शकतो. घरातून निघताना मुलाचा एक फोटो काढून ठेवावा, त्या दिवशीच्या कपड्यांत, पायापर्यंत. ‘कोणत्या रंगाचा शर्ट होता?’ या प्रश्नावर भले भले पालक गडबडतात.

‘अनोळखी माणसाशी बोलायचं नाही’ हा आपला लाडका नियम इथे अडचणीचा ठरतो. हरवलेल्या मुलाला अनोळखी माणसाशीच बोलावं लागतं. 2005 साली अमेरिकेतल्या युटा राज्यात डोंगरात हरवलेला 11 वर्षांचा मुलगा चार दिवसांनी सापडला. शोधायला आलेली माणसं दिसली की तो वाटेपासून दूर होत होता. परक्यांपासून लांब राहायचं, एवढं त्याच्या मनात पक्कं होतं. नियम थोडा बदलून सांगावा: कुणाबरोबर कुठे जायचं नाही, पण मदत मागायची. कुणाकडे? खाकी वर्दीतल्या पोलिसाकडे, स्टॉलवाल्याकडे, किंवा मुलं बरोबर असलेल्या बाईकडे. स्टॉलवाला यात का? कारण तो जागा सोडून जात नाही, आणि आजूबाजूचे त्याला ओळखतात.

गर्दीला ओळख देण्याची आपली एक जुनी रीत आषाढी वारीत आजही दिसते. ज्ञानेश्वर माउलींच्या पालखी सोहळ्यात प्रत्येक दिंडीला क्रमांक असतो, तोही रथापुढे की रथामागे हे सांगून. रथापुढे 27 दिंड्या, बाकीच्या मागे. लाखोंच्या त्या लोंढ्यात ‘रथामागे अमुक नंबर’ एवढं सांगता येणारं माणूस हरवलेलं राहत नाही. मुक्कामी समाज आरतीला दिंड्या पालखीभोवती जमतात, चोपदार दंड उंचावतात, टाळ-मृदंग थांबतात आणि मग हरवल्या-सापडल्याची घोषणा होते. दिंडीबरोबर मूल नेणाऱ्याने त्याला स्वतःच्या नावाआधी दिंडीचा नंबर शिकवावा असं माझं मत आहे. प्रयागच्या कुंभमेळ्यात राजाराम तिवारी यांनी 1946 पासून चालवलेलं ‘भूले भटके शिबिर’ही याच तत्त्वावर उभं राहिलं: एक ठरलेली जागा, एक भोंगा. नाशिक-त्र्यंबकेश्वरला सिंहस्थासाठी जाणाऱ्यांनी पोचल्या पोचल्या असं केंद्र कुठे आहे ते मुलांना बोटाने दाखवून ठेवावं.

जीपीएसचं घड्याळ, क्यूआर कोडचा पट्टा वगैरे असेल तर वापरावं. पण नेटवर्क जिथे कोलमडतं ती जागा म्हणजेच गर्दी. अशा वेळी हातावरचं बॉलपेन जास्त भरवशाचं. दोन-तीन वर्षांच्या मुलाच्या मनगटाला आणि आपल्या मनगटाला जोडणारा पट्टा बांधला तर लोक हसतात, हसू द्यावं.

आता हात सुटलाच तर. मूल जिथे शेवटचं दिसलं तिथे एकाने उभं राहायचं, हलायचं नाही. दुसऱ्याने शोधायला जायचं, आणि आधी जायचं ते पाण्याकडे. घाट, विहीर, तलाव, चौपाटी जवळ असेल तर बाकी सगळं मागाहून. बुडायला दोन-चार मिनिटं पुरतात आणि लहान मूल बुडताना आवाज करत नाही. पाणी नसेल तर बाहेर पडायच्या वाटेकडे. मॉलमध्ये दुकानं धुंडाळण्याआधी सुरक्षारक्षकाला गाठून दारांवर माणसं उभी करायला सांगावं. अमेरिकेतल्या वॉलमार्ट दुकानांनी 1994 मध्ये सुरू केलेल्या ‘कोड अ‍ॅडम’ पद्धतीत हेच केलं जातं: वर्णन सगळ्या कर्मचाऱ्यांना कळवायचं, दारं राखायची, दहा मिनिटांत मूल सापडलं नाही तर पोलीस. ओरडतानाही नुसतं नाव घेऊ नये. ‘पिवळा शर्ट, पाच वर्षांचा मुलगा, कुणी बघितला का?’ असं ओरडलं की भोवतालचे पन्नास लोक शोधू लागतात; नुसत्या ‘ओजस’ने फक्त ओजसला कळतं.

लोकलची गोष्ट वेगळी. दार गर्दीने भरतं, मूल आत आणि आई फलाटावर, किंवा उलट. इथे धावत्या गाडीमागे धावणं हा सगळ्यांत वाईट पर्याय. आधीच ठरवून ठेवावं: गाडीत राहिलेल्याने पुढच्या थांब्यावर उतरून तिथेच उभं राहायचं, फलाटावरच्याने पुढच्या गाडीने तिथे यायचं. जलद गाडीचा थांबा चार-पाच स्टेशनं सोडूनही असतो, नियम तोच. अगदी लहान मूल असेल तर डब्यातल्या बायका त्याला सांभाळतात, हा मुंबईचा अनुभव आहे. तरी त्याच क्षणी 139 वर किंवा स्टेशन मास्तरांना कळवावं; पुढच्या स्टेशनला निरोप देण्याची सोय त्यांच्याकडे असते. रेल्वे सुरक्षा दल आणि लोहमार्ग पोलीस दोघेही यात मदत करतात.

पोलिसांकडे कधी जायचं? लगेच. ‘चोवीस तास वाट बघा’ हा समज अजून लोकांच्या डोक्यातून जात नाही. 10 मे 2013 रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की, हरवलेल्या मुलाची तक्रार आली की अपहरण किंवा तस्करी झाली असावी असं धरूनच गुन्हा नोंदवायचा. हद्द कोणाची हा वादही पालकांनी ऐकून घ्यायची गरज नाही. गुन्हा कुठल्याही ठाण्यात शून्य क्रमांकाने नोंदवता येतो. फोनवरून 112, आणि मुलांसाठीची हेल्पलाइन 1098. ती 1996 मध्ये मुंबईत, टाटा सामाजिक विज्ञान संस्थेतून सुरू झाली. मुलाला तो नंबर ‘दहा-नऊ-आठ’ असा सांगावा, उलटी मोजणी असल्याने पटकन बसतो. प्रत्येक ठाण्यात मुलांच्या प्रकरणांसाठी बालकल्याण पोलीस अधिकारी नेमलेला असतो. त्याला भेटायचं आहे असं स्पष्ट म्हणावं.

दुसऱ्या टोकाला, तुम्हालाच एखादं रडणारं मूल सापडलं तर? त्याच्याजवळ तिथेच थांबा. पालक बहुतेक वेळा परत त्याच जागी येतात. नाहीच आले तर पोलिसांना किंवा 1098 ला कळवा. ‘दोन दिवस आमच्याकडे राहू दे’ असं म्हणून घरी नेणं कितीही मायेचं असलं तरी बाल न्याय कायदा, 2015 प्रमाणे चोवीस तासांत कळवणं बंधनकारक आहे. मग मुलाला, प्रवासाचा वेळ सोडून, चोवीस तासांत बालकल्याण समितीपुढे न्यावं लागतं. अध्यक्ष आणि चार सदस्य अशी ही समिती जिल्ह्यात असते.

इथे पालक चिडतात. मूल समोर दिसतंय, ते ‘आई’ म्हणून रडतंय, आणि समिती कागद मागतेय. पण पालक असल्याचं सांगत येणारा प्रत्येक जण पालक नसतो, आणि लहान मूल प्रेमाने बोलणाऱ्या कुणाच्याही कडेवर जातं. जन्मदाखला, आधार, जुने फोटो घेऊन गेलं की काम लवकर होतं. आधारचा आणखी एक उपयोग आहे. बालगृहातल्या मुलांची आधार नोंदणी करायला गेल्यावर बोटांचे ठसे आधीच नोंदलेले निघाले आणि त्यावरून घर सापडलं, असं अनेकदा झालंय. मात्र पाच वर्षांखालच्या मुलांचे ठसे घेतलेलेच नसतात. त्यामुळे पाच पूर्ण झाल्यावर करायचं अद्ययावतीकरण शाळेच्या दाखल्यापुरतं समजून पुढे ढकलू नये.

मूल हाती लागल्यावर पाठीत धपाटा घालायची आपल्याकडची रीत समजण्यासारखी आहे. भीतीच तशी बाहेर पडते. पण ते मूल पुढच्या वेळी हाक मारण्याआधी धपाट्याचा विचार करेल. त्यापेक्षा ते कुठे थांबलं, कुणाला काय म्हणालं, हे शांतपणे विचारून घ्यावं.

आणि व्हॉट्सअ‍ॅपचं एक काम राहतं. हरवल्याचा निरोप टाकताना तारीख, वेळ, ठिकाण लिहिलेलं असावं आणि मूल मिळाल्यावर त्याच सगळ्या ग्रुपवर ‘सापडला’ हेही टाकावं; नाहीतर तो फोटो आणि तुमचा नंबर कैक वर्षं फिरत राहतो. सापडलेल्या मुलाचा फोटो मात्र आपण होऊन पसरवू नये. काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या मुलाची ओळख जाहीर करायला बाल न्याय कायद्याच्या 74व्या कलमाने मनाई आहे, आणि तो फोटो नेमका कोण बघतंय हे आपल्याला कळायला मार्ग नसतो.